मगदूम बाईंचा गप्प वर्ग

आमच्या गावात शाळा कशी चालली आहे हे बघायला कुणी शाळेत येत नाही. रस्त्यानं जाता जाता कान देतात आणि तेवढ्यावर निकाल लावतात. गडमुडशिंगीच्या पुढं, ओढ्याला लागून आमची जिल्हा परिषदेची शाळा. समोरून डेअरीला दूध घालायला जाणारी माणसं, एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं, बाजाराला निघालेल्या बाया अशी सतत ये-जा. वर्गातून आवाज आला की "शाळा जोरात हाय", आणि नाही आला की "मास्तर डुलकी काढतंय वाटतं."

मी इथला मुख्याध्यापक, बाळासो खोत. माझा तास डेअरीपर्यंत ऐकू येतो असं लोक म्हणतात आणि मी कधी त्यांना खोटं पाडलेलं नाही. युक्ती सोपी आहे. मास्तरानं वाक्य म्हणायचं आणि शेवटचा शब्द अर्ध्यात सोडायचा. "पंचगंगा नदी पुढं कृष्णेला मिळ..." म्हटलं की पोरं एका दमात "...तेऽऽ!" आणि वरचे पत्रे हादरतात. मला माझ्या गुरुजींनी असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. आमच्याकडं गप्प माणसाला दोनच नावं आहेत, एक तर आजारी नाहीतर येडं. अशा गावात राजमती मगदूम बाईंनी आपला अख्खा वर्ग गप्प केला, त्याची ही गोष्ट.

मगदूम बाई आमच्याकडं बदलून आल्या त्या वारणेकडून. घर जैन शेतकऱ्याचं, नवरा श्रीपाल तिकडेच दूध संघात नोकरीला, आणि बाई रोज स्कूटीवरून ये-जा करतात. चणीनं बारीक, बोलायला मऊ, पण एकदा हेका धरला की ब्रह्मदेव आला तरी सोडत नाहीत. चौथीचा वर्ग त्यांच्याकडं. यंदा पावसाळ्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत हुकूम निघाला की प्रत्येक शिक्षकानं एक कृतिसंशोधन करायचं.

कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकानं स्वतःच्या वर्गातली एक अडचण धरायची, स्वतःच्या शिकवण्यात काहीतरी बदल करून बघायचा, काय घडलं ते डोळे उघडे ठेवून पाहायचं आणि नाही जमलं तर दुसरा बदल करून पुन्हा बघायचं. हे झालं पुस्तकात. प्रत्यक्षात एखाद्या हुशार माणसानं कधीकाळी लिहिलेलं एक कृतिसंशोधन तालुक्या-तालुक्यातून फिरत असतं, त्यावर आपलं नाव घालायचं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून बाइंडिंग करून आणायचं. माझ्या एका फायलीत शेवटच्या पानावर बिद्रीकडच्या कुठल्यातरी शाळेतल्या पोरांची प्रगती तशीच राहून गेली होती. तिच्यावर 'उत्कृष्ट' असा शेरा मिळाला.

तीच फाईल मी मोठ्या मनानं बाईंच्या पुढं सरकवली. "घ्या. नाव तेवढं बदला."

"नको सर," बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात खरीच अडचण आहे."

"कुठली?"

"मीच."

मला वाटलं बाई चेष्टा करतात. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला. आदल्या दिवशी गणिताच्या तासाला तो खिडकीत ठेवून त्यांनी आपलंच शिकवणं भरून घेतलं होतं. मी कान लावला. "त्रिकोणाला बाजू किती? ती..." "...न!" "चौकोनाला? चा..." "...र!" "समजलं का सगळ्यांना?" "होऽऽ बाईऽऽ!"

"वा!" मी म्हणालो. "काय दणका आहे! एवढ्याशा जिवात एवढा आवाज कुठनं येतो तुमच्या?"

"आता परत ऐका सर. माझं सोडून द्या, फक्त पोरं काय म्हणतात ते ऐका."

मी परत ऐकलं. न. र. तो. ते. हो बाई. मी पुढं सरकवून ऐकलं, मागं आणून ऐकलं. अख्ख्या तासात एका पोराचं एक धड वाक्य नव्हतं.

"प्रश्नही माझा आणि उत्तरही माझंच," बाई म्हणाल्या. "पोरं नुसती शेपटं ओढतात."

मी हसलो, पण आपलीच चेष्टा झाली असं वाटलं की माझा पारा चढतो. "मग करणार काय तुम्ही?"

"प्रश्न विचारणार आणि गप्प राहणार."

"आणि?"

"आणि काय होतं ते बघणार."

"बाई, हे संशोधन? हे तर तुमच्या जैन मुनी महाराजांचं मौन झालं."

"मौन अवघड असतं सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही एक दिवस करून बघा."

त्याच आठवड्यात अमरसिंह लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. अमरसिंह आमच्या गावच्या तालमीचा वस्ताद. मोडलेले कान, ढोलासारखी छाती आणि आवाज माझ्याहून वरचा. घरी म्हशी, सकाळ-संध्याकाळ तालीम. त्याची लेक क्रांती मगदूम बाईंच्या वर्गात. पोरगी अंगानं अशी दणकट की तालमीत तिच्या वयाची पोरं तिच्याशी जोड लावायला कचरतात. पण बोलण्यात फार सावकाश. काही विचारलं की ती तुमच्याकडं बघत राहते, मग छताकडं बघते, तोवर दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असतं. शाळेत सगळ्यांचं एकमत होतं, माझंही, की पोरगी अंगानं दांडगी आणि डोक्यानं मंद.

"लांबच्या जिल्ह्यात पोरींची कुस्तीची अकॅडमी हाय," अमरसिंह म्हणाला. "तिथंच ऱ्हायचं, तिथंच जेवायचं, शाळाबी तिथंच. दिवाळीनंतर घेत्यात. गुर्जी, हिचं डोकं चालत न्हाय, अंग चालतंय. मग जे चालतंय त्येच चालवायचं."

बाई तिथेच हजेरी भरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "तिला विचारलंत का? घर सोडून राहायचं आहे का तिला?"

"इचारलं की! जेवताना इचारलं. बसली गप्प. न्हाय म्हणली न्हाय, म्हंजे व्हयच की."

क्रांती ऑफिसच्या दारात उभी होती. तिचे ओठ हलले. काहीतरी येत होतं. तेवढ्यात अमरसिंह म्हणाला, "चल चल, म्हशी खोळंबल्यात," आणि तिच्या दंडाला धरून निघालासुद्धा.

"दाखला दिवाळीच्या सुट्टीला देऊ," बाईंनी त्याला मागून सांगितलं. माझ्याआधी त्यांनीच सांगून टाकलं, तेही मला खटकलं. पण मी त्यांचं बोलणं मोडलं नाही. चौथीतली पोर, एकदा गेली की सणासुदीलाच घरी यायची. जायचं की नाही हे तिच्या तोंडून कुणीच ऐकलेलं नव्हतं आणि हातात होते ते फक्त दिवाळीपर्यंतचे दिवस.

बाईंचा पहिला डाव सपशेल पडला. त्यांनी प्रश्न विचारला आणि गप्प उभ्या राहिल्या. पोरांनी सवयीनं शेपटाची वाट पाहिली. शेपूट काही पुढं आलं नाही. मग पोरं घाबरली. "बाई, चिडलासा काय?" एकीनं विचारलं. मागच्या बाकावरचा एकजण आपलंच काहीतरी चुकलं असं समजून रडायला लागला. आणि आदर्श नावाचा एक हुशार पोरगा आहे, त्यानं ही सगळी शांतता आपल्यासाठीच मोकळी ठेवली आहे अशा थाटात प्रत्येक उत्तर ठोकून दिलं. मी व्हरांड्यातून बघत होतो. सुट्टीत मी म्हणालो, "काय बाई, चीतपट?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि तोंडावर अशी खुशी की जणू कुस्ती मारून आल्या आहेत. "गप्प बसून भागत नाही हे कळलं. आता दुसरं करून बघते."

दुसरं म्हणजे त्यांनी वर्गात नियम केले. उत्तर ओरडायचं नाही आणि बोटही वर करायचं नाही. आधी मनात विचार करायचा, मग शेजाऱ्याच्या कानात सांगायचं, आणि बाई ज्याचं नाव घेतील त्यानं सगळ्यांना सांगायचं. चुकलं तर चालेल, पण असं का वाटलं तेही सांगायचं. थोड्या दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की पोरं उत्तर फळ्यावरून शोधतच नाहीत, बाईंच्या भुवयांवरून शोधतात. भुवई उंचावली की उत्तर बदलतात. मग बाई प्रश्न विचारून खिडकीकडं तोंड करून उभ्या राहायला लागल्या. हे बघून मी इतका हसलो की खिचडी शिजवणाऱ्या शालूबाई पदराला हात पुसत धावत आल्या.

एक दिवस बाई मला म्हणाल्या, "सर, उद्या माझ्या तासाला मागं येऊन बसाल का?"

"तपासणीला?"

"नाही. माझ्याकडं बघूच नका. फक्त क्रांतीकडं बघा. शिकवताना मला ते दिसत नाही."

मी गेलो. एका पोरीकडं बघत बसायचं, त्यात काय एवढं, असं म्हणत गेलो. खिडकीशेजारी भिंतीला खुर्ची लावली, तिथून तिचा चेहरा दिसत होता. बाईंनी भागाकाराचं एक उदाहरण सांगितलं आणि खिडकीकडं वळल्या.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. पोरगी बसली होती, बस्स. मग तिची बोटं बाकावर हळूहळू सरकायला लागली, काहीतरी वाटून ठेवल्यासारखी. ओठ हलले आणि थांबले. डोळे वर पत्र्याकडं गेले, तिथून खाली आले, बोटांवर आले. कपाळावर आठी पडली. मग तिनं मान हलवली, म्हणजे काहीतरी चुकलं होतं, आणि बोटं परत पहिल्या जागी गेली. तोवर शेजारची पोरगी तिच्या कानात आपलं उत्तर सांगून मोकळी झाली होती. क्रांतीनं ते ऐकलं, पण घेतलं नाही. बाईंनी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं, उत्तर आलं, फळ्यावर नवीन उदाहरण आलं. आणि नवीन उदाहरण निम्मं लिहून झालं तेव्हा क्रांतीच्या कपाळावरची आठी मोडली. ती एकटीच हसली. तिला पहिल्याचं उत्तर आलं होतं. तिच्या वहीच्या कोपऱ्यात तिनं ते लिहिलं, मी उठून पाहिलं, अगदी बरोबर होतं.

मी खुर्चीत परत येऊन बसलो. इतकी वर्षं मी वर्गात उभा आहे. पोरांचे आवाज ऐकले, अक्षरं पाहिली, गुण मोजले. पण एखाद्या पोराच्या तोंडावर विचार येताना, अडखळताना, परत फिरताना आणि पोचताना मी कधी पाहिला नव्हता. तो असा उघड्यावर, आपल्या डोळ्यांदेखत चालतो हेच मला ठाऊक नव्हतं. वासराला पहिल्यांदा उभं राहताना बघतात तसा मी बघत होतो. आणि त्या खोलीत असं एकच पोर नव्हतं, सगळ्या बाकांवर तेच चाललं होतं. मी इकडून तिकडं बघत राहिलो, कुणाकुणाकडं बघावं मला कळेना.

तास संपल्यावर बाईंनी विचारलं, "काय दिसलं?"

"तिला येतंय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "बाई, तिला सगळं येतंय. ती पोचते तोवर आपण पुढच्या गावाला गेलेलो असतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "मग आणखी थांबायला पाहिजे." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आणखी थांबायला लागल्या.

इकडं गावात वेगळंच शिजत होतं. रस्त्यानं जाणाऱ्यांना चौथीच्या वर्गातून आवाज येईना. डेअरीवर चर्चा, पारावर चर्चा. "बाई शिकवतच न्हाईत, खिडकीत हुभं ऱ्हात्यात." "मोबाईल बगत असतील." शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गणपतराव मला भर रस्त्यात म्हणाले, "गुर्जी, पोरांस्नी भूल दिली काय?" एरवी मीच पहिला सामील झालो असतो. पण आता मी बाईंची बाजू घ्यायला लागलो, आणि ती घेताना माझा आवाज नेहमीप्रमाणे डेअरीपर्यंत गेला.

दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस राहिले असताना सकाळी अमरसिंह तणतणत आला. वर्गाच्या दारातच उभा राहून गरजला, "बाई, ही शाळा हाय का तुमची बस्ती? रोज बगतोय, जैनांच्या देवळागत चिडीचिप! पोरगी तशीच मुकी, त्यात तुमी तिला आनखी मुकी करायला लागलासा. दाखला द्या, मी आजच घिऊन जातो."

पोरं जागच्या जागी आक्रसली. क्रांतीनं मान खाली घातली. मी ऑफिसातून धावत आलो, पण बाईच पुढं झाल्या.

"दाखला सर देतील," त्या म्हणाल्या. "पण आलाच आहात तर हा एक तास बसा. एकच अट आहे, बोलायचं नाही."

"मी?"

"तुम्ही. वस्ताद आहात, दम धरता येतो ना?"

हे वर्मी लागलं. अमरसिंह मागच्या बाकावर मावेना, म्हणून खाली जमिनीवर मांडी घालून बसला. मी त्याच्या शेजारी बसलो.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, सात आणि पाच. नऊ आणि तीन. अकरा आणि एक. पोरांनी बेरजा करून सांगितल्या. मग बाई म्हणाल्या, "ह्या सगळ्या विषम संख्या. विषम म्हणजे जोड्या लावल्या की एक उरतो, सम म्हणजे कुणी उरत नाही. दोन विषम मिळवल्या की दरवेळी सम येते. कुठल्याही दोन घ्या. असं का होत असेल?"

आणि त्या खिडकीकडं वळल्या.

मी खरं सांगतो, मला उत्तर ठाऊक नव्हतं. 'विषम अधिक विषम बरोबर सम' हे मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिलं आहे आणि "सऽऽम!" असं पत्रे हादरवून म्हणून घेतलं आहे. का, असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी बसल्या जागी विचार करायला लागलो.

वर्ग गप्प होता. बाहेर कुणाच्यातरी शेतात सोयाबीनची मळणी चालली होती तिचा आवाज येत होता. शालूबाईंच्या कुकरची शिट्टी झाली. त्या दारात डोकावल्या, शाळा सुटली की काय असं वाटून, आणि आम्हाला जमिनीवर बसलेलं बघून तोंडाला पदर लावून परत गेल्या. कुणीतरी कानात कुजबुजलं, थांबलं. अमरसिंहची मांडी वळवळायला लागली. तो माझ्या कानाशी आला आणि मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. क्रांतीची बोटं बाकावर होती. दोन-दोन बोटं एकत्र येत होती, सुटत होती. तिच्या कपाळावर आठी होती. अमरसिंह तिच्याकडं बघत होता आणि मी दोघांकडं.

मग ती आठी मोडली. मी बाईंना सांगायला तोंड उघडणार, तोवर बाईंनी वळून म्हटलं, "क्रांती?"

क्रांती उभी राहिली. तिनं सुरुवात केली, थांबली. कुणीही तिचं वाक्य पुरं केलं नाही. आदर्शनंसुद्धा नाही.

"दोन तालमी हायत्या," ती म्हणाली. "हिकडच्या तालमीत पोरांच्या जोड्या लावल्या. विषम हायत, म्हंजे एक पोरगं उरलं. तिकडच्या तालमीतबी जोड्या लावल्या. तीबी विषम, म्हंजे तिकडंबी एक उरलं." ती परत थांबली. आम्ही सगळे थांबलो. "मग ह्या उरलेल्याची आन् त्या उरलेल्याची जोड लावायची की. कोनच उरत न्हाय."

बाईंनी खडू घट्ट धरला होता. "तालमीत किती पोरं असली तर असं होईल?"

क्रांतीनं बाईंकडं जरा नवलानंच पाहिलं. "कितीबी असू द्यात की. उरणार एकच."

माझ्या अंगावर काटा आला. कितीबी असू द्यात. सात आणि पाचच नाही, गावातली सगळी माणसं, जिल्ह्यातली, ज्या संख्या अजून कुणी मोजल्यासुद्धा नाहीत त्या सगळ्या त्या दोन तालमींत येऊन बसल्या होत्या. बाकाला टेकून उभ्या असलेल्या एका पोरीनं त्या सगळ्यांच्या जोड्या लावून दाखवल्या आणि एकालाही बाहेर ठेवलं नाही. आकडा एवढा मोठा असतो आणि तरी एवढ्याशा डोक्यात मावतो, हे मला माझ्या नोकरीच्या अखेरीला दिसलं. मला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते समजेना. 

अमरसिंहचं तोंड उघडंच होतं. जत्रेच्या मैदानात जन्मभर त्यानं जोड्या लावल्या, उरलेल्या पैलवानासाठी पलीकडच्या गावचा उरलेला शोधला. "आयला!" तो अट विसरून म्हणाला. "खरं हाय की हो, बाई!" आणि तो उठून उभाच राहिला. "आनि पोरी, तिसरी तालीम आली तर? तीबी विषमच. तर मग..."

तो पुढचं सांगणारच होता. बाईंनी नुसता हात वर केला. अमरसिंहचं वाक्य तिथेच तुटलं. एवढा मोठा गडी, ओठ दाबून उभा राहिला. मान लाल झाली, पण त्यानं दम धरला.

क्रांतीनं पत्र्याकडं पाहिलं, बोटांकडं पाहिलं. बापानं वाट पाहिली. "तिसरीतला एक उरतोय," ती म्हणाली. "त्येला जोड न्हाय. चौथी तालीम आली तर लागंल."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. अमरसिंहनं वाजवल्या नाहीत. तो लेकीकडं बघत होता, आणि तिला आजवर आपण कधी पाहिलंच नव्हतं असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मधल्या सुट्टीत तो ऑफिसात आला. मी खण उघडला. दाखल्याचा कागद मी आधीच भरून ठेवला होता, फक्त सही राहिली होती. "करू सही?" मी विचारलं. तो तसाच व्हरांड्यात गेला आणि हाक मारली. क्रांती खिचडीची ताटली हातात घेऊनच आली. अमरसिंह तिच्यासमोर उकिडवा बसला, तोंडाला तोंड यावं म्हणून.

"क्रांते, तिकडं अकॅडमीत जायचं का तुला? ऱ्हायला?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग ओढ्याकडं पाहिलं. अमरसिंहचे ओठ हलले, त्यानं ते मिटून घेतले. पोरं भोवतीनं धावत होती, ताटल्या वाजत होत्या, एक कुत्रं खिचडीच्या वासानं येऊन बसलं. मगदूम बाई वर्गाच्या दाराला धरून उभ्या होत्या आणि त्यांचा श्वास वर-खाली होत होता. माझा हात त्या कागदावर होता. क्रांतीच्या कपाळावर आठी आली, गेली, परत आली. मला तर वाटलं आता हा माणूस ओरडणार. तो ओरडला नाही.

"कुस्ती करणार मी," क्रांती म्हणाली. "पर हितंच. आपल्या तालमीत. आन् शाळा हीच. रात्री आईजवळ झोपणार."

अमरसिंहनं मोठा श्वास सोडला. मग त्याचा आवाज फुटला, घोगरा, त्याचा नसल्यासारखा. "मग त्या दिशी जेवताना इचारलं तवा का न्हाई सांगितलंस, पोरी?"

ह्या वेळी तिला विचार करावा लागला नाही.

"माझं ठरत हुतं की पप्पा. तुमी थांबलाच न्हाईसा."